टेलिफोनच्या पलीकडील मुलगी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत पाककलेवर, बालसंगोपनावर, फार तर बचतगटाच्या हिशेबावर बोलावे असा प्रघात आहे. मला मात्र चिटणीसबाईंनी सांगितले की, "तू रोज गाडीला लोंबकळून मालाडला जातेस, तिथे नक्की काय करतेस ते एकदा सांग. आमच्या मुली-सुनाही त्याच कामाला जातात. आम्हाला एवढेच माहीत, की त्या फोनवर बोलतात आणि रात्री उशिरा घरी येतात." तेव्हा आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

प्रथम हे सांगते की, मी फोनवर बोलत नाही. जिथे शेकडो मुली-मुलगे कानाला हेडसेट लावून गिऱ्हाइकांशी बोलतात, त्या कॉल सेंटरच्या मागच्या खोलीत मी बसते. फोन लागत नाही, आवाज येत नाही, मध्येच तुटतो, पडद्यावर माहिती उमटत नाही, अशी तक्रार आली म्हणजे दोष कुठे आहे तो हुडकण्याचे काम आमच्या खोलीचे.

टेलिफोनचे काम बायकांकडे आले त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षे होतील. अमेरिकेतील बोस्टन शहरी आधी पोरगे हे काम करीत. ते गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलत, म्हणून १८७८ साली एमा नट या बाईंना नेमले, आणि तेव्हापासून हा बायकांचा व्यवसाय झाला. आपल्या मुंबईत टेलिफोन १८८२ साली आला. पुढे कितीतरी वर्षे "नंबर प्लीज" म्हणणारी बाई दोरी एका भोकातून काढून दुसऱ्या भोकात घाली आणि दोन माणसे बोलती होत. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन भाव. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे. नंबर नोंदवून तासन्‌तास वाट पाहायची. आपल्या देशात थेट दुसऱ्या गावचा नंबर फिरवण्याची सोय प्रथम १९६० साली कानपूर-लखनौ या दोन शहरांत झाली. ती दोरीवाली बाई त्यानंतर हळूहळू गेली. पण तिचे काम संपले नाही. ते यंत्रातील कार्यक्रमाने, म्हणजे सॉफ्टवेअरने घेतले.

हे सॉफ्टवेअर काय करते ते थोडक्यात सांगते. तुम्ही बँकेला किंवा गॅसवाल्याला फोन लावलात, की प्रथम एक ध्वनिमुद्रित बाई बोलते, "मराठीसाठी अमुक दाबा." तुम्ही काय दाबले यावरून तुमचा फोन एका रांगेत जातो. तिथे यंत्र पाहते की कोणती मुलगी जास्तीत जास्त वेळ मोकळी बसली आहे, आणि तिला फोन देते. त्याच क्षणी तुमच्या नंबरावरून तुमचे खाते हुडकून तिच्या पडद्यावर आणते. ही चार निरनिराळी यंत्रे आहेत आणि ती एकमेकांशी तारेवरून बोलतात. एकीने जरी मान फिरवली, तरी तुम्हाला वाटते की मुलगी कामचुकार आहे.

आता रांगेची गंमत ऐका. डेन्मार्क देशात कोपनहेगन टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे एक गणिती होते. किती फोन आले तर किती माणसे बसवावीत याचे गणित त्यांनी १९०९ आणि १९१७ साली लिहिले. ते आजही जगभर वापरतात, आणि मलाही ते फार आवडते, कारण त्यात नळावरच्या भांडणाचा उलगडा आहे. समजा, तासाला शंभर फोन येतात आणि प्रत्येक फोन सहा मिनिटांचा. म्हणजे तासाला सहाशे मिनिटांचे, दहा मुलींचे काम झाले. साहेब लोकांना वाटते, दहा मुली पुरेत. पण फोन काही मोजून एकामागून एक येत नाहीत. कधी पाच एकदम येतात, कधी दोन मिनिटे एकही येत नाही. म्हणून दहा मुली बसवल्या तर रांग वाढतच जाईल. अकरा बसवल्या तर गिऱ्हाइकाला सरासरी चार मिनिटे थांबावे लागेल. बारा बसवल्या तर सव्वा मिनिटापेक्षा थोडे जास्त. आणि चौदा बसवल्या तर फक्त पंधरा-सोळा सेकंद! तीन मुलींच्या पगारात चार मिनिटांचे पाव मिनिट होते. पुढच्या वेळी "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" हे दहा मिनिटे ऐकावे लागले, तर यंत्रही बिघडलेले नसेल आणि मुलगीही आळशी नसेल. कोणीतरी अकरावर भागवलेले असेल.

हे झाले चालत्या गाड्याचे. बिघाड कसा हुडकतात, हे तुम्हाला सांगायला मुळीच अवघड नाही, कारण तुम्ही वाडीतल्या बायका आहात. विहिरीवरची मोटर चालू आहे, पण शेवटच्या वाफ्यातल्या केळीला पाणी पोचत नाही. अशा वेळी कोणी नवी विहीर खणायला घेत नाही. पाटाच्या कडेने चालत जायचे, पाणी कुठवर दिसते ते पाहायचे, आणि जिथे दिसेनासे होते त्याच्या अलीकडे घुशीने केलेले बीळ शोधायचे. आम्हीही तेच करतो. फक्त आमचा पाट मालाडपासून कधी चेन्नईला, कधी समुद्राखालून अमेरिकेला गेलेला असतो, आणि त्यातील पाणी डोळ्यांना दिसत नाही.

आवाज या पाटातून कसा जातो ते सांगते. तुमचा आवाज यंत्र दर सेकंदाला आठ हजार वेळा मोजते. त्या आकड्यांची पुडकी बांधते. एका सेकंदाची पन्नास पुडकी. प्रत्येक पुडक्यावर पत्ता लिहून ते रवाना होते. पलीकडे पुडकी उघडून पुन्हा आवाज तयार करतात. पुडके पोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्शापेक्षा जास्त वेळ लागू लागला, की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. काही पुडकी लवकर, काही उशिरा आली, की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. काही हरवली, की शब्द तुटतात. "आवाज खराब आहे" एवढे सांगितले तर आम्हाला काहीच कळत नाही. "शब्द तुटतात", "घुमतो", "माझाच आवाज मला परत येतो", "मला ऐकू येते पण त्यांना येत नाही", असे सांगितले तर निम्मे काम झाले. डॉक्टरकडे जाऊन नुसते "बरे नाही" म्हटल्यासारखेच ते. पोटात कळ येते की छातीत, जेवणाआधी की नंतर, हे आपण सांगतोच ना?

एक हकीकत सांगते. कंपनीचे नाव सांगत नाही, मुलीचेही नाही. ती आपल्याच पट्ट्यातली, विरारच्या गाडीने येणारी. तिच्या बसण्याच्या ओळीत फोन तुटू लागले. गिऱ्हाईक रागावून पुन्हा फोन करी, तक्रार करी. कंपनीच्या नोंदीत मात्र एवढेच उमटे, की अमुक मुलीचे इतके फोन अर्ध्यावर संपले. या व्यवसायात एक वाईट शंका नेहमी घेतली जाते, की मुलगी कंटाळून स्वतःच फोन कापते. तिला एकदा तोंडी ताकीद मिळाली. दुसऱ्यांदा लेखी मिळणार होती, आणि लेखी ताकीद म्हणजे त्या वर्षीचा बोनस गेला. घरात वडील आजारी, भावाचे शिक्षण चालू. तो बोनस गेला असता तर काय झाले असते, हे आपल्याला सांगायला नको. आमच्या खोलीतून माणूस गेला, त्याने हेडसेट बदलला, खुर्ची बदलली आणि "ठीक आहे" असा शेरा लिहून परत आला. फोन तुटतच राहिले.

या मुलीने मग एक केले. शाळकरी पोराची शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक तुटलेल्या फोनची वेळ लिहू लागली. केव्हा सुरू झाला, केव्हा तुटला, फोन बाहेरून आला की तिने लावला. तीन दिवसांनी ती वही घेऊन ती आमच्या दारात उभी राहिली. मी वही पाहिली. ३२ सेकंद. ३२. ३१. ३२. ३२. सगळे फोन बत्तीस सेकंदांच्या आसपास तुटलेले, आणि सगळे तिने बाहेर लावलेले!

भगिनींनो, कंटाळलेले माणूस असे घड्याळ लावून फोन कापत नाही. असे नियमितपणे फक्त यंत्रच वागते.

त्या बत्तीस सेकंदांचा अर्थ असा. दोन यंत्रे फोन जोडताना आपसात निरोप पाठवतात. एक म्हणते, "फोन आला आहे." दुसरे म्हणते, "उचलला." त्यावर पहिल्याने "समजले" असा निरोप पाठवायचा असतो. तो आला नाही, तर दुसरे यंत्र "उचलला, उचलला" असे परत परत सांगत राहते, आणि नियमाप्रमाणे बत्तीस सेकंद वाट पाहून, पलीकडे कोणी नाही असे समजून फोन ठेवून देते. दरम्यान आवाजाची पुडकी दुसऱ्याच वाटेने जात असल्यामुळे माणसे आनंदाने बोलत असतात! लग्नघरी पाहुणे जेवायला बसले आहेत, आणि आहेर पोचल्याची चिठ्ठी आली नाही म्हणून कोणीतरी मांडवाचे दिवे घालवतो, असला प्रकार.

"समजले" हा निरोप कुठे हरवला, ते हुडकायला मग एक दुपार लागली. त्या ओळीचे फोन ज्या फायरवॉलमधून बाहेर जात, म्हणजे दारावरच्या राखणदार यंत्रातून, तिच्या मांडणीत थोड्या दिवसांपूर्वी बदल झाला होता. त्यामुळे निरोपावर परतीचा पत्ता म्हणून इमारतीच्या आतला पत्ता जाऊ लागला. पत्राच्या पाठीवर "स्वयंपाकघराच्या मागची खोली" एवढेच लिहिले, तर मुंबईचा पोस्टमन काय करणार? एक ओळ दुरुस्त केली आणि फोन तुटणे थांबले. तिची तोंडी ताकीदही कागदावरून काढून टाकण्यात आली. पण ती कोणी आपण होऊन काढली नाही. तिने वहीची प्रत जोडून तसा अर्ज दिला, तेव्हा ती निघाली.

आपल्या मुली या कामात असतील तर त्यांना एवढे जरूर सांगा, की वेळ लिहून ठेवा. वरच्या माणसाच्या पडद्यावर आकडे असतात, आणि आकड्यापुढे नुसते रडणे टिकत नाही. दुसरा आकडा लागतो.

मोठमोठ्या कंपन्यांचेही असेच होते. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे दूर पल्ल्याचे जाळे कोसळले. न्यूयॉर्कच्या एका एक्सचेंजला किरकोळ तक्रार झाली. त्याने शेजाऱ्यांना कळवले, "थोडा वेळ मला फोन देऊ नका," आणि काही सेकंदांत ते बरे होऊन पुन्हा कामाला लागले. ते बरे झाल्याची नोंद शेजारी करीत असतानाच त्याचा दुसरा निरोप येऊन धडकला. शेजाऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चूक होती. त्यांना वाटले आपणच आजारी पडलो. तेही मिटून पुन्हा उघडले, आणि उघडताना त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना तोच रोग दिला. एकीला भोवळ आली, तिला पाणी द्यायला धावलेलीला भोवळ, तिला सावरणारीलाही भोवळ, असे ११४ एक्सचेंजांत नऊ तास चालले. जवळजवळ निम्मे फोन लागेनात. निरोपांची गर्दी कमी केल्यावर जाळे ताळ्यावर आले. मागाहून शोधले तेव्हा सगळे खापर कार्यक्रमातील भलत्या जागी पडलेल्या एका शब्दावर फुटले. आणि तो कार्यक्रम बसवला होता आदल्या डिसेंबरात! म्हणून आम्ही "काल काय बदलले?" एवढे विचारून थांबत नाही, महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचे बदलही उकरतो.

कधी दोष कोणाच्याच कार्यक्रमात नसतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्त देशात अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या तारा तुटल्या आणि आपल्या देशातून पश्चिमेकडे जाणारी इंटरनेटची वाट एकदम अरुंद झाली. जवळजवळ निम्मी क्षमता गेली. तिकडे भूमध्य समुद्रात तार तुटते आणि इकडे नालासोपाऱ्याच्या मुलीला अमेरिकेतील म्हातारा गृहस्थ म्हणतो, "तुला ऐकू येत नाही का?" तिने काय उत्तर द्यावे?

आता घरातल्या गोष्टीकडे येते. मार्च २०२० पर्यंत कॉल सेंटरचे काम घरी बसून करण्यावर सरकारची पुष्कळ बंधने होती. १३ मार्च २०२० रोजी ती शिथिल झाली आणि टाळेबंदीत आपल्या घराघरांत कॉल सेंटर उघडले. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये नियमच सोपे केले गेले, म्हणून कित्येक मुली अजूनही काही दिवस घरून काम करतात. एका खोलीत सासूबाईंची मालिका, दुसऱ्या खोलीत दिराचा खेळ, ओट्यावर कुकरची शिट्टी, आणि मध्ये आपली मुलगी इंग्रजीत क्षमा मागते आहे, हे दृश्य आपण पाहिले आहे.

त्या दिवसांत मला घराघरांतून एकच प्रश्न येई. "ताई, शंभरचा वेग घेतला आहे, दोनशेचा घेऊ का?" मी म्हणे, पैसे वाचवा. एका फोनच्या आवाजाला शंभराच्या वेगाचा हजारावा हिस्सासुद्धा लागत नाही. आवाजाला वेग लागत नाही, नियमितपणा लागतो. सेकंदाला पन्नास पुडकी वेळच्या वेळी निघायला हवीत. तेव्हा तीन गोष्टी करा. राउटरपासून संगणकापर्यंत हवेतून न जाता पंधरा फुटांची वायर घाला, ती दोन-तीनशे रुपयांत मिळते. कामाच्या वेळी घरातील इतरांनी मोठे व्हिडिओ पाठवू नयेत. पाहिले तर एकवेळ चालेल, पण पाठवल्याने बाहेर जाणारी वाट तुंबते. आणि राउटरला बॅटरीची लहान पेटी लावा. मात्र तेवढ्याने भागत नाही. बाहेर खांबावर केबलवाल्याची पेटी असते, तिलाही वीज लागते. आपल्याकडे जुलै २०१८ च्या पुरात वसईचे वीज उपकेंद्र पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, तालुका अंधारात राहिला. अशा वेळी घरातील इन्व्हर्टर काय करणार? केबलवाल्याला मे महिन्यातच विचारून ठेवावे, की तुझ्या पेटीची बॅटरी किती तास टिकते. तो प्रथम हसेल, मग सांगेल. आळीतील पाच जणींनी एकदम विचारले तर बॅटरी बदलेलसुद्धा.

एक शब्द आपल्याविषयी, म्हणजे फोन करणाऱ्यांविषयी. फोन लावताना तारीख, वेळ आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. एकदा तुटला तर दुसऱ्यांदा त्याच क्रमांकापासून सुरुवात करावी, सारी कथा पहिल्यापासून सांगू नये. बँकेचा नंबर मोबाईलवर शोधून कधी लावू नका. भामटे लोक तिथे आपले नंबर बँकेच्या नावाने घालून ठेवतात. कार्डाच्या पाठीवर किंवा पासबुकावर छापलेला असतो तोच लावा. आणि "मी दुरुस्त करून देते, हे ॲप उतरवून घ्या" असे कोणी फोनवर म्हणाले, तर ते आमच्या खोलीतले नव्हे असे खुशाल समजा. आम्ही गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये शिरत नाही, ओटीपी तर विचारतच नाही. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो, आणि तो वाटेत अडवायचा तर पहिला तास-दोन तासच उपयोगाचे. घरच्यांना काय सांगू, या विचारात रात्र घालवणारी बाई तो वेळ गमावते. आधी १९३०, मग नवऱ्याला.

वाडीवाल्यांसाठी आणखी एक सांगते, कारण ते फार थोड्यांना ठाऊक आहे. केळीवर रोग पडला, पानवेल पिवळी पडली, तर किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१. हे २००४ साली सुरू झाले, फोन फुकट आहे, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत मराठीत उत्तर मिळते. पण तिथेही "झाड बरे नाही" असे सांगू नका. पान कुठून पिवळे झाले, कडेने की शिरेपासून, खालचे की वरचे, ते पाहून मगच फोन लावा.

हे सगळे नंबर, शिवाय तातडीच्या मदतीचा ११२, विजेच्या तक्रारीचा १९१२ आणि रेल्वे चौकशीचा १३९, मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणले आहेत. चिटणीसबाई तो पुठ्ठा मंडळाच्या खोलीत दाराजवळ टांगणार आहेत. ज्यांना आपल्या घरच्या राउटरविषयी विचारायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी थांबावे. मात्र एकेकीने बोलावे, कारण आज मी एकटीच आहे आणि रांग मोठी दिसते.